कोरडवाहू जादू

लोणार
५ ऑगस्ट २०२४

प्रिय गोकुळ,
जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला की त्याखाली दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. म्हणजे डोळे शाबूत आहेत, बोटांना काहीतरी झालंय. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रक्त तपासून सांगू शकतो, बोटांचं मला कळत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टमन दारात उभा राहिला की निळी खूण करून भागत नाही, हात पुढे करावाच लागतो.

बुलडाण्याच्या बसस्टँडवर आपल्या होस्टेलचा सहदेव भेटला. त्याच्याकडून कळलं की तू पुण्याची नोकरी सोडून होळीलाच धामणगावला परत आलास, वडिलांचं कृषी केंद्र सांभाळतोस आणि दर रविवारी दुकानात आपला जुना खेळ मांडतोस. मला हे तिसऱ्या माणसाकडून कळावं, याबद्दल तुझे आभार. होस्टेलच्या त्या खोलीत हा खेळ मी तुला शिकवला होता, एवढं फक्त लक्षात असू दे. एकाने सूत्रधार होऊन जग रचायचं, बाकीच्यांनी त्यातले चोर, वैद्य, योद्धे व्हायचं, सगळं तोंडाने खेळायचं आणि काय होईल याची शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एवढं साधं. पण तू त्यात जादू ओतायला लागलास आणि आपलं भांडण सुरू झालं.

तुझं जग अजून बागायतीच आहे का? पाटाने जादू सोडायची, वाटेल तिथे वळवायची, आणि शेवटी सगळं पिवळं पडलं की म्हणायचं, मजा आली. माझं जग कोरडवाहूच राहिलं. अख्ख्या राज्यात एक मांत्रिक आहे आणि तोही बहुधा परगावी गेलेला असतो. माझ्या टेबलावर तिघं आहेत. जानराव, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, चोर होतात. कॉलेजातल्या सुचिता मॅडम तलवार चालवतात. माझी बायको महामाया वैद्य असते, आणि तिच्याजवळ औषध म्हणून हळद आणि गरम पाणी. जानरावांच्या पायात किल्ल्याच्या तटावरचा खिळा घुसलाय आणि जखम चिघळत चालली आहे. माझ्या जगात जखमा चिघळतात.

तुझ्या टेबलावर किती जण बसतात ते कळव. बोटं बरी असतील तर.

तुझा
संघपाल

---

धामणगाव बढे
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय संघपाल,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. देताना पोस्टमनने विचारलं, "कोर्टाचं हाये काय?" आजकाल पाकीट म्हटलं की लोकांना नोटीसच आठवते. तुझं अक्षर बघून मलाही क्षणभर तसंच वाटलं.

फोन घ्यायला वेळ नाही, कारण माझं टेबल भरलेलं असतं. तुझ्याकडे तिघं आहेत याचा आनंद वाटला. लहान घर, लहान संसार. माझ्याकडे सहा जण. रणधुरंधर हा सेनापती. अग्निजित ज्वाळा गिळतो. श्वेतारी नावाचा धनुर्धर आहे, तो पांढऱ्या राक्षसांचा काळ. तृणहंत्री ही योद्धी जिथे पाऊल ठेवते तिथे वर्षभर काही उगवत नाही. आणि दोघं जुळे भाऊ, ते नेहमी एकत्रच येतात. या मंडळींचं सुवर्णपूर ढगांवर तरंगतं. रथाला घोडे लागत नाहीत. खजिन्यात मोहरा मोजत नाहीत, फावड्याने ओढतात. आणि माणूस मेला तर देवळापुढे एक नारळ फोडायचा. तो उठून बसतो आणि विचारतो, माझा हिस्सा कुठाय?

तुझ्या राज्यात राजाला ताप आला तर वैद्य सापडेपर्यंत राजाच बदलत असेल. मला एक कळत नाही. तुमच्या गावात आकाशातून दगड पडून एवढं मोठं विवर झालं, जगभरातून लोक ते पाहायला येतात, आणि त्याच गावातला सूत्रधार जादू म्हणून हळद वाटतो! तुला चमत्काराच्या काठावर घर मिळालं आणि तू खिडकी रस्त्याच्या बाजूला काढलीस.

जानरावांच्या पायाला माझ्याकडून शुभेच्छा. नारळ हवा असेल तर पाठवतो.

तुझा
गोकुळ

---

लोणार
२ सप्टेंबर २०२४

प्रिय गोकुळ,
जय भीम.

दगड एकदाच पडला, म्हणून लोक पाहायला येतात. दर सोमवारी पडला असता तर लोकांनी छपरावर पत्रे ठोकले असते आणि ग्रामपंचायतीकडे तक्रार केली असती. तुझ्या सुवर्णपुरात नेमकं तेच झालेलं असणार. मेलेला माणूस नारळावर उठतो म्हटल्यावर रडायला कोण बसेल?

तुझं पत्र मी रविवारी टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. सुचिता मॅडमना तृणहंत्री फार आवडली. जानराव मात्र नावं ऐकून एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, "नावं चांगली हायेत पोराची." पुढे काही बोलले नाहीत. वय झालंय त्यांचं, असेल काही.

आता कामाचं. पैज लावू. तुझं आणि माझं राज्य एकमेकांना लागून आहे असं धरू, मधे नदी. दोन्ही टेबलं एकत्र बसतील आणि एका दिवसात निकाल लागेल. जो हरेल तो आपलं जग बंद करून दुसऱ्याच्या जगात खेळाडू म्हणून बसेल. दसरा झाला की आम्ही चौघं सकाळच्या गाडीने निघू, बुलडाण्याला गाडी बदलू आणि तुझ्याकडे येऊ. तुझे सहा तयार ठेव. चहा आम्ही आमच्या पैशाने पिऊ.

तुझा
संघपाल

---

धामणगाव बढे
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय संघपाल,

पैजेचा प्रस्ताव दरबारात वाचला. दरबार हसला.

तरी शेजारधर्म म्हणून कळवतो. सध्या इकडे फवारणीचे दिवस आहेत, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शिवाय सुवर्णपुरात मोठी लढाई झाली. तीत अग्निजित पडला. श्वेतारीही गेला. जुळ्या भावांनी संन्यास घेतला आहे. उरले दोघं, आणि त्यांचं मन कशात लागत नाही. अशा दुखवट्यात पाहुण्यांना बोलावणं बरं दिसत नाही.

पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत तुझ्या जगात एखादा वीतभर चमत्कार उगवला तर कळव, आम्ही सगळे पाहायला येऊ.

तुझा
गोकुळ

---

लोणार
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय गोकुळ,

दुखवट्याचं पत्र मिळालं. आम्ही चौघांनी उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि मग खाली बसून विचार केला.

नारळ महाग झाले का रे? गेल्या महिन्यात तुझ्याकडे मेलेला माणूस उठून हिस्सा मागत होता. या महिन्यात दोघं पडले आणि कोणालाही नारळ आठवला नाही? ढगावर तरंगणाऱ्या शहरात दुखवटा कसला? माझ्याकडे माणूस मेला तर मेला. तुझ्याकडे मेला, तर सूत्रधाराला तो मेलेलाच हवा असतो. दुसरा अर्थ निघत नाही.

सरळ सांग की घाबरलास. समोर दुसरं टेबल बसलं, कोणी विचारलं की हे असं कसं, तर तुझी बागायत एका दुपारी सुकेल, हे तुला माहीत आहे. डाव अर्ध्यावर टाकून उठायची तुझी सवय जुनी. पुण्यातही तेच केलंस म्हणे.

आम्ही येतोच. तारीख कळवू.

संघपाल

---

धामणगाव बढे
१९ ऑक्टोबर २०२४

संघपाल दादा,
जय भीम.

मी पूनम, गोकुळदादाची धाकटी बहीण. होस्टेलवर डबा घेऊन यायची ती. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला तुम्ही लोक जादूचं शस्त्र म्हणायचात आणि डबा रिकामा परत द्यायचात. त्या चटणीची आण घालून सांगते, मी लिहिलं हे दादाला कळू देऊ नका.

तुमचं शेवटचं पत्र त्याने दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि खिशात ठेवलं. संध्याकाळी फाश्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, विहिरीत टाकून ये. मी विहिरीपर्यंत गेले, एवढंच तुम्हाला सांगते.

दादा, टेबल नाहीच आहे. कधी नव्हतं. म्हणजे एक दिवस होतं. पुण्यातली नोकरी त्याने सोडली नाही, त्याच्या कंपनीने एका सकाळी एका ईमेलमध्ये सगळ्यांनाच घरी पाठवलं. इकडे आल्यावर एप्रिलमध्ये एका रविवारी त्याने गावातल्या सहा जणांना दुकानात बोलावलं. सुट्टी म्हणून शटर अर्धं खाली. आत सुवर्णपूर. तुम्हाला त्याचा आवाज माहीत आहे. तो ओरडतोय, घे दहा हजार मोहरा! दुसरा ओरडतोय, माझे पाच हजार लावले, टाक फासा! बाहेर रस्त्यावर लोकांना कान आहेत. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की वामनरावांच्या दुकानात पोरानं जुगाराचा अड्डा काढला.

आमचे बाबा तंटामुक्ती समितीवर आहेत. गावातला जुगार बंद व्हावा म्हणून गेल्या वर्षी भाषण त्यांनीच केलं होतं. लोकांना एवढी गंमत फुकटात कधी मिळाली नसेल. बाबा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. बाहेर पडले तेव्हा दादाला एकच वाक्य बोलले, "दुकानात बसाचं तं बस, पण फासा दिसला तं या घरात तू तरी नाई, नाईतं मी तरी नाई." त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त युरियाबद्दल बोलतात. ती सहा पोरं समोरून आली तर रस्ता बदलतात.

तरी दर रविवारी दादा शटर खाली ओढून खेळायचा. कोणाशी, ते ऐका. कंपनीवाले काउंटरवर मांडायला शोभेच्या रिकाम्या बाटल्या देतात, त्यांच्याशी. रणधुरंधर बोंडअळीवर चालतं. अग्निजित करप्यावर, श्वेतारी पांढऱ्या माशीवर. तृणहंत्री म्हणजे तणनाशक, एक लिटर. जुळे भाऊ एकावर एक फुकट आले होते. तुम्ही येतो म्हणालात, म्हणून त्याने त्यांना एकेक करून मारलं. सहा माणसं कुठून दाखवणार होता?

तुम्हाला पत्र लिहायचं असलं की दोन दिवस तो माणसासारखा वागायचा, जेवताना बोलायचा. आता तेही बंद आहे. मला त्याची भीती वाटते. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या जगात औषध नसतं असं तो म्हणतो, पण वैद्य तरी आहे ना?

तुमची
पूनम

---

लोणार
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मित्र गोकुळ,
सप्रेम जय भीम.

तू आणि घरचे सर्व कुशल असाल अशी आशा आहे. मागच्या पत्रात मी जरा जास्तच लिहून गेलो. कामाच्या गडबडीत असं होतं. तुझं म्हणणं योग्यच आहे, फवारणीच्या दिवसांत दुकान सोडून चालत नाही. पैजेची काही घाई नाही. खरं म्हणजे बागायती जगालाही आपली एक गंमत आहे, हे मला अलीकडे पटू लागलं आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. थंडी पडू लागली आहे, तब्येत सांभाळ.

तुझा स्नेही
संघपाल

---

धामणगाव बढे
१२ नोव्हेंबर २०२४

संघपाल,

पूनमने तुला पत्र लिहिलं.

तिने कबूल केलेलं नाही, पण तू मला "तब्येत सांभाळ" लिहिलंस. होस्टेलमध्ये मला कावीळ झाली होती तेव्हा तू म्हणाला होतास की पिवळा रंग मला शोभतो. आणि "बागायतीला आपली एक गंमत आहे"? हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस की दवाखान्यात कोणी लिहून दिलं? खोटं बोलायचं तर माझ्याकडून शिकून घे. मला सहा माणसांचा अनुभव आहे.

तर मग ऐक. टेबल नाही. तृणहंत्रीवर लिहिलंय, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. सहा महिने मी तिला संवाद दिले. मला लाज वाटते, आणि तुला कळल्यावर जास्त वाटते.

तू विचारलंस की माझ्या जगात एवढी जादू का. होस्टेलमध्ये मी काहीतरी उत्तर द्यायचो. खरं उत्तर मला या वर्षी सापडलं. कोरडवाहू जगाला दोन माणसं तरी लागतात. एकाने म्हणायचं की मी तटावरून उडी मारतो, आणि दुसऱ्याने म्हणायचं की पाय मोडेल. समोर कोणीच नसलं तर नाही कोण म्हणणार? मग शहर ढगावर जातं, मोहरा फावड्याने ओढतात, मेलेली माणसं उठतात. बाटली कधी म्हणत नाही की हे असं कसं. रविवारी दुपारी मी राज्यं जिंकायचो आणि शटर वर करून संध्याकाळी युरिया मोजायचो.

फासे विहिरीत गेले. तुम्ही येऊ नका. कीव करायला लोणारहून दोन गाड्या बदलून यायची गरज नाही, ती इथे गावात मिळते.

गोकुळ

---

लोणार
२५ नोव्हेंबर २०२४

गोकुळ,

कीव आमच्याकडे मिळत नाही. कोरडवाहूत पिकत नाही ती.

तुझं पत्र मी टेबलावर वाचलं. हो, सगळं वाचलं, राग आला तर येऊ दे. वाचून झाल्यावर जानराव म्हणाले, "मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं. तृणहंत्री मी मायाच धुऱ्यावरच्या गवतावर मारली व्हती." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "पोरगं एकटं दिसते. कायले बोलू?" गेले तीन महिने या टेबलावर सगळ्यात हुशार माणूस मी आहे, असा माझा समज होता.

आता नीट वाच. तुझ्या गावाला खेळाने नाही, मोहरांनी फसवलं. अर्ध्या शटरमागून दहा हजार, पाच हजार ऐकू आल्यावर कोणीही जुगारच समजेल. मीही समजलो असतो आणि आत येऊन बसलो असतो. माझ्या राज्यात मोहरा नाहीत. तिथे चोर अर्ध्या भाकरीसाठी तटावर चढतो आणि वैद्य बोटभर हळद राखून वापरते. हे भर दुपारी, पूर्ण शटर वर करून, पोलीस पाटलाच्या कानाशी ओरडलं तरी कोणाचं काही जात नाही.

तू पैजेला उभा राहिला नाहीस, म्हणजे हरलास. अट ठरलेली आहे. तुला माझ्या जगात यावं लागेल. पण गोष्ट सांगून सांगून माझा घसा बसलाय, तेव्हा सूत्रधार तू हो. जानरावांचा पाय आता गुडघ्यापर्यंत काळा पडला आहे, काय ते तूच ठरव. नारळ चालणार नाही.

रविवारी, ८ डिसेंबरला येतो. फासे आणतो. शटर वर ठेव, खाली दिसलं तर जानराव बाहेरून शिटी मारतील. कंडक्टरची शिटी त्यांनी परत केलेली नाही.

संघपाल

---

धामणगाव बढे
१६ डिसेंबर २०२४

प्रिय संघपाल,

त्या रविवारी काय झालं ते तू पाहिलंस. पण काउंटरच्या माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला माहीत नाही.

शटर मी पूर्ण वर केलं. बाबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, दुकानाकडे पाठ करून बसले होते. तुम्ही आलात म्हणून ते काही बोलले नाहीत, पाहुण्यांसमोर ते बोलत नाहीत. मला वाटलं, तुमची गाडी निघाली की या घरात एकतर मी नाही किंवा ते नाहीत.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. एक थांबला, दुसरा थांबला, बियाण्याच्या पोत्यावर चौघं टेकले. जानराव तटाखाली पडून अर्धी भाकर मागत होते आणि दारात उभा असलेला एक म्हातारा चिडला, "दवाखान्यात काऊन नाई नेलं त्याले?" महामायावहिनी म्हणाल्या, "दवाखाना तीन दिवसांवर हाये, अन् वाटेत नदी." त्यावर सगळ्या दुकानाने मान हलवली. सुवर्णपूर समजावायला मला अख्खी दुपार लागायची. तुझं जग त्यांना एका वाक्यात समजलं, कोणाला त्यात काही नवल वाटलं नाही. हे तुझं कौतुक नाही, गावाची तक्रार आहे.

मग जानराव वाचतात का ते बघायला वहिनींनी फासा टाकला आणि वीसातले फक्त दोन पडले. नारळ माझ्या जिभेवर आला होता. तू माझ्याकडे बघत होतास ते मला दिसलं. मी म्हणालो, जानराव गेले. संघपाल, सूत्रधार म्हणून मी पहिल्यांदा कोणालातरी नाही म्हणालो. जानरावांनी स्वतःच टोपी काढली आणि खिशातली शिटी काढून टेबलावर ठेवली. त्यानंतर तुमच्या गाडीची वेळ झाली.

तुम्ही गेल्यावर बाबांनी शटर ओढलं आणि ते घरी आले. सोमवारपासून गंमत सुरू झाली. लोक औषध घ्यायला यायचे आणि विचारायचे, किल्ल्याचं काय झालं? त्या सहांपैकी दोघं येऊन गेले, उगाच सुतळी विकत घेऊन. गावात आता म्हणतात की वामनरावांच्या पोराच्या दुकानात पोथीसारखं काहीतरी चालतं. जुगाराचं नाव कोणी घेत नाही. बाबा हे सगळं ऐकत होते आणि माझ्याशी युरियाबद्दलच बोलत होते.

काल रविवार. मी शटर वर केलं, टेबल मांडलं नव्हतं, फासे तुम्ही परत नेले होते. अकरा वाजता बाबा आले आणि त्यांनी काउंटरवर नारळ ठेवला. तुझी पत्रं त्यांनी वाचली की पूनमने सांगितलं, मी विचारलं नाही. म्हणाले, "त्या कंडक्टरले उठव."

मी म्हणालो, "नाही उठत, बाबा. हे कोरडवाहू आहे."

"नारळ देऊन राह्यलो ना मी?"

"तरी नाही."

मला वाटलं, संपलं. मग त्यांनी नारळ उचलला, उंबऱ्यावर फोडला, अर्धा माझ्या हातात दिला आणि खुर्ची आत ओढून घेतली. म्हणाले, "मंग मले दुसरा मानूस दे. अन् हे तीन दिवस कुठून काढले तू? घोडा असला तं दीड दिवसात दवाखाना येते. मानूस तुयाच चुकीनं मेला."

पूनम आतून मेथीच्या डब्यातून फासे घेऊन आली. विहिरीला कधीच काही मिळालं नव्हतं.

मी म्हणालो, वाटेत नदी आहे. ते म्हणाले, नदीला उतार असतो. मी म्हणालो, या नदीला नाही. चार वाजेपर्यंत आम्ही भांडलो, संघपाल. मागच्या रविवारी पोत्यावर बसलेले पुन्हा जमले आणि त्यांनी पक्ष घेतले, बहुतेकांनी बाबांचा. सुवर्णपुरात एवढे महिने काढले, तिथे मला कोणी चूक म्हणालं नव्हतं. काल दिवसभर बाबा मला चूक म्हणत होते आणि मला एवढं बरं वाटत होतं की मी मुद्दाम नदी आणखी रुंद केली.

जानरावांना सांग, त्यांचा माणूस मेलेलाच राहील, पण त्यांच्या नावाचा अर्धा नारळ पूनमने ठेवला आहे. लवकर या, नाहीतर ती त्याची चटणी करेल.

इथेच थांबतो. बाबा हाक मारत आहेत. घोडा दिवसाला किती चालतो, हे ते सकाळी कोणालातरी विचारून आले आहेत.

तुझा
गोकुळ